व्हाया मनमाड

काही माणसांपुढे आपलं गाव सांगायची सोय नसते. आपण आपले सहज म्हणतो, "आम्ही मूळचे चिपळूणचे," आणि समोरचे गृहस्थ डोळे बारीक करतात. "चिपळूण म्हणजे बाजारपेठेत की खेर्डीला?" आपण 'खेर्डीला' म्हटलं की संपलं. पुढच्या पाच मिनिटांत आपल्या आत्याच्या जावेचा भाऊ आणि त्यांच्या मेहुण्याचे वर्गशिक्षक ही एकच व्यक्ती ठरते, आणि आपण जे स्टूल मागायला गेलेलो असतो ते त्यांच्याच घरात राहतं.

ही जात महाराष्ट्रात मुबलक. लग्नाच्या हॉलमध्ये, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही भेटते. आडनाव, मूळ गाव आणि कुलदैवत एवढ्या तीन प्रश्नांत ती कुणालाही नात्यात ओढते. बहुतेकांची धाव स्थळं सुचवण्यापर्यंत असते. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले मनमाडकाका त्याच जातीचे, पण पुढे गेलेले. त्यांनी हेच तंत्र इतिहास, भूगोल, सिनेमा आणि गाण्याला लावलं. दोन माणसांचं नातं जुळवून त्यांचं भागत नाही, त्यांना दोन खंडांचं जुळवायचं असतं.

काका रेल्वेच्या बुकिंग खात्यातून निवृत्त झाले. 'मनमाडकाका' हे नाव कुणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही, पण ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलं होतं. मनमाड जंक्शन. तिथून एक फाटा नगरवरून दौंडला जातो, दुसरा संभाजीनगर-जालन्याकडे, आणि सरळ गेलं की भुसावळ. काकांशी गॅस सिलिंडरबद्दल बोला, नाहीतर नातवाच्या शाळेबद्दल, पाचव्या मिनिटाला बोलणं अशा ठिकाणी येऊन उभं राहतं की तिथून कुठेही जाता यावं. आपल्याला कुठे जायचं होतं, हा प्रश्न तोवर मागे पडलेला असतो.

अंगाने शिडशिडीत. शर्टाच्या खिशात तीन बॉलपेनं आणि आरक्षणाच्या जुन्या फॉर्मची चौपदरी घडी. या फॉर्मची मागची बाजू कोरी असते. निवृत्तीच्या दिवशी लोक घड्याळ घेऊन घरी येतात, काका रद्दीत निघालेला फॉर्मचा गठ्ठा मागून घेऊन आले. दुवा सापडला की आधी चष्मा कपाळावर चढतो, मग मांडीवर थाप पडते आणि काका म्हणतात, "लागली!" म्हणजे गाडी फलाटाला लागली. त्यानंतर फॉर्म उलगडतो, त्यावर आडवी रेघ येते, रेघेवर गोल गोल स्टेशनं येतात, आणि ऐकणाऱ्याला जवळची खुर्ची शोधावी लागते.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवी. व्हॉट्सॲपवर येणारं काहीही ते आपल्या रुळावर घेत नाहीत. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं, हा संदेश ग्रुपवर दर दोन महिन्यांनी येतो आणि दर वेळी त्याखाली काकांचं एकच उत्तर असतं : "सिग्नल नाही. यार्डात." काकांच्या यार्डात असे पुष्कळ डबे उभे आहेत. काही फार देखणे आहेत. पुरावा मिळेपर्यंत ते हलणार नाहीत.

त्यांची पद्धत जवळून पाहायला मिळाली ती पावसाळ्यात. सोसायटीने वॉचमनला गमबूट दिले होते. एका नंबरने मोठे. ते बदलून मिळतील का, हे विचारायला तो सेक्रेटरींकडे निघाला होता आणि वाटेत जिन्याखालच्या बाकावर काका बसले होते.

"गाव कुठलं रे तुझं?"

"भोकरदन तालुका, काका. जालना जिल्हा."

"असई ठाऊक आहे?"

"मामाचं गाव हाय की!"

चष्मा वर गेला. थाप पडली. "लागली!"

मग वॉचमनला भर पावसात कळलं, की 23 सप्टेंबर 1803 ला त्याच्या मामाच्या गावाला, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. आपल्या कवायती पायदळाचा मुख्य होता हॅनोव्हरचा एक जर्मन, पोहलमन नावाचा. समोर होता चौतिशीतला आर्थर वेलस्ली. आपल्या तोफांनी त्याची माणसं अशी काही कापली, की म्हातारपणी त्याला कुणी विचारलं, आयुष्यातली सर्वांत चांगली लढाई कोणती, तर वॉटर्लू जिंकलेल्या त्या माणसाने उत्तर दिलं, असई. तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याच्या नावाने न्यूझीलंडची राजधानी वसली. निलगिरीत लष्करी अधिकारी शिकतात त्या गावाला त्याचं नाव मिळालं. आणि त्याने चांभाराकडून आपल्या मापाचे, गुडघ्याखालपर्यंतचे कातडी बूट करून घेतले, त्याची विलायतेत फॅशन झाली. पुढे रबराचे आले, तरी इंग्रज माणूस पावसात आजही पायात घालतो ते 'वेलिंग्टन'च.

वॉचमनने खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

"म्हंजी लढाई आपन हारलो?"

"हरलो."

"अन् ज्यानं हारवलं त्याचेच बूट म्या घालून हिंडतोय?"

"हो."

"तरीच," वॉचमन म्हणाला, "मला मोठे होतेत."

बूट बदलून मिळाले नाहीत. पण त्या दिवसापासून तो ते काढायला तयार नाही. येणाऱ्याजाणाऱ्या कुरिअरवाल्याला तो सांगतो, हे आमच्या मामाच्या गावचे.

नगरचा फाटा निघाला तो तिसऱ्या मजल्यावरच्या मुलामुळे. हा मुलगा इंजिनिअरिंगला आहे आणि गिटार वाजवतो, म्हणजे घरचे तसं म्हणतात. त्याच्या टीशर्टवर रस्ता ओलांडणारे चार बीटल्स होते. काकांनी लिफ्टमध्ये त्या चौघांकडे बघितलं आणि विचारलं, "हे नगरला येऊन गेलेत का रे?"

"काका, ते ऋषिकेशला गेले होते. 1968 साली."

"ते कुणीही सांगेल. नगर, नगर."

तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत लिफ्टला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात काकांचं प्रास्ताविकही होत नाही, म्हणून लिफ्ट तिसऱ्यावर उघडी धरून पुढचं सांगितलं गेलं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, हे काकांना त्यांच्या जन्मतारखेआधी आठवतं. बरोबर त्याच तारखेला, 1918 साली, अहमदनगरच्या लष्करी छावणीत एका आयरिश शिपायाला मुलगा झाला. तो स्पाइक मिलिगन. पोरपण पुण्यात आणि रंगूनला गेलं. मोठा होऊन त्याने बीबीसी रेडिओवर 'गून शो' लिहिला. 1951 ते 1960. वेडाचार म्हणजे किती, की गंभीर इंग्रज माणसं रेडिओपुढे बसून खिदळायची. त्यात त्याचा जोडीदार पीटर सेलर्स. या दोघांच्या विनोदी तबकड्या ज्याने काढल्या, तो निर्माता जॉर्ज मार्टिन. आणि लिव्हरपूलमध्ये एक मुलगा हा कार्यक्रम कान लावून ऐकायचा, त्याचं नाव जॉन लेनन. पुढे हा मुलगा आपल्या तीन मित्रांना घेऊन स्टुडिओत गेला, तर निर्माता म्हणून समोर कोण? तोच मार्टिन! गून शोवाल्या माणसाच्या हाताखाली काम करायला मिळतंय, हेच पोरांना केवढं तरी अप्रूप.

"म्हणजे बीटल्स व्हाया नगर," मुलगा म्हणाला. त्याला आता लिफ्टच्या किंकाळीचंही भान नव्हतं.

"अजून उतरू नकोस. मेहेरबाबा माहीत आहेत?"

हे दारातून आजींनी ऐकलं. आजी माहेरच्या नगरच्या. "आमचे मेहेरबाबा? अरणगावचे?"

"तेच. पुण्यात जन्म, नगरजवळ समाधी. 'द हू' नावाचा इंग्लिश बँड आहे, त्यातला पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. त्याच्या 1971 सालच्या एका प्रसिद्ध गाण्याच्या नावातले 'बाबा' म्हणजे हे बाबा."

मुलगा तीन वर्षं ते गाणं ऐकत होता. त्यातले बाबा आपल्या आजीच्या गावचे आहेत हे त्याला लिफ्टमध्ये कळलं. आजी मात्र शांत होत्या. "असणारच," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. नगरच्या माणसाला नगरबद्दल आश्चर्य वाटत नाही. काकांनी जाता जाता मिलिगनच्या थडग्यावर काय कोरलंय तेही सांगितलं. 'मी आजारी आहे असं तुम्हाला सांगितलं होतं', असा मजकूर, आयरिश भाषेत. यावर आजी आतून हसल्या. त्यांचीही तक्रार साधारण तीच असते.

काकांना काळवेळ कळत नाही, असं लोक म्हणतात ते एका लग्नापासून. मुलगा आमच्या सोसायटीतला, मुलगी कोल्हापूरची. रिसेप्शनला स्टेजवर जायला रांग लागलेली, प्रत्येकाच्या हातात आहेराचं पाकीट, कॅटररने पुऱ्या तळायला घेतलेल्या. काका वर गेले. नवरदेवाने उत्साहात सांगितलं, "काका, आम्ही इटलीला जातोय. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस."

खाली उभ्या असलेल्यांना काकांचा चष्मा कपाळावर चढताना दिसला. काही जाणत्या लोकांनी रांग सोडून जेवणाचा रस्ता धरला.

"फ्लॉरेन्सला जाताय? मग सूनबाईंच्या छत्रपतींना जिथे अग्नी दिला ती जागा चुकवू नका."

मुलीच्या मावशीने 'शुभ बोला' अशा अर्थाची हालचाल केली. काकांपर्यंत ती पोचली नाही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये विलायतेला गेले. वय अवघं वीस. परतताना फ्लॉरेन्समध्ये 30 नोव्हेंबरला वारले. परक्या मुलखात, तेही कॅथलिकांच्या, हिंदू राजाला अग्नी कुठे द्यायचा? संगमावर द्यायचा, असं बरोबरच्या मंडळींनी सांगितलं. तिथे संगमही निघाला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांचा. परवानगी मिळाली, अंत्यसंस्कार झाले आणि त्या जागी पुढे छत्री उभी राहिली. छत्रीखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा केला मेजर मँटने. "कोल्हापूरचा नवा राजवाडा त्याचाच, सूनबाई. आणि बडोद्याच्या लक्ष्मी विलासचा नकाशाही त्याचाच. फ्लॉरेन्सचे लोक त्या भागाला 'इंडियानो' म्हणतात. शेजारी नदीवर नवा पूल झाला, त्यालाही तेच नाव."

हनिमूनला निघालेल्या जोडप्याला स्टेजवर उभं करून स्मशानाचा पत्ता देणारा दुसरा माणूस डोंबिवलीत नसेल. फोटोग्राफरने तो क्षण टिपला आहे. अल्बममध्ये वधूवर दोघांचे चेहरे गंभीर आणि मधोमध काका प्रसन्न. पण पंधरा दिवसांनी ग्रुपवर फोटो आले, त्यात पिसाचा मनोरा एकदाच होता आणि छत्रीचे सात. मुलीच्या वडिलांनी कोल्हापुरात ते फोटो इतक्यांना पाठवले, की आता तिकडे काकांना 'आमचे व्याही' म्हणतात. काका व्याही नाहीत. मुलाच्या खालच्या मजल्यावर राहतात, एवढंच.

काकांची सर्वांत लांब गाडी बघायची असेल तर रविवारी दुपारी टीव्हीवर 'चश्मे बद्दूर' लागायला हवा. मी तो फॉर्म जपून ठेवला आहे. डाव्या टोकाला वॉटसन हॉटेल, काळा घोडा, मुंबई. आख्खा लोखंडी सांगाडा विलायतेतून बोटीने आणून जोडलेली इमारत. तिच्याखाली बारीक अक्षरात 'मार्क ट्वेन उतरला, 1896 च्या सुरुवातीस' आणि पुढे '7 जुलै 1896, ल्युमिएरचे खेळ'. म्हणजे हिंदुस्थानात पडद्यावर पहिल्यांदा चित्रं हलली ती इथे. पुढचं स्टेशन सावेदादा. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, फोटोग्राफीचा धंदा करणारे. त्यांनी विलायतेतून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली. तिसरं स्टेशन 1901. केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे मुंबई बंदरावर उतरतात, स्वागताला ही गर्दी, आणि सावेदादा ते सगळं कॅमेऱ्यात पकडतात. आपल्याकडचा हा पहिला बातमीपट.

इथे काका पेन थांबवतात. "आता बघ. मुर्डी, तालुका दापोली. तिथला हा मुलगा. केंब्रिज केलं, फर्ग्युसनचा प्राचार्य झाला, पुढे ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचा हायकमिशनर. त्याची मुलगी शकुंतला. तीही केंब्रिजची. संततिनियमनाचा प्रचार करायची, त्या काळात! शांतारामबापूंच्या 'कुंकू'मध्ये काम केलं, 1937. लग्न कुणाशी? रशियन चित्रकाराशी. त्यांची मुलगी कोण?"

पडद्यावर तेव्हा दीप्ती नवल साबण पावडर विकत असते.

"सई परांजपे," काका स्वतःच म्हणतात. "पहिल्या बातमीपटात जो माणूस बोटीवरून उतरला, त्याच्या नातीने हा सिनेमा काढला. मुर्डी ते दिल्ली, व्हाया केंब्रिज आणि रशिया." शेवटच्या स्टेशनभोवती ते दोनदा गोल करतात, कारण तिथे गाडी संपते. मग घरातले चहा ठेवतात. सिनेमातली हाणामारी तोवर झालेली असते.

आता इथपर्यंत काकांवर कुणाचा राग नव्हता. कटकट होती, पण अभिमानाची कटकट माणूस सोसतो. असईचा बूट, नगरचा विनोदवीर, कोल्हापूरची छत्री. गाडी आपल्या अंगणातून सुटते आणि लंडन, फ्लॉरेन्स, लिव्हरपूलला जाते, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? गडबड झाली आषाढी एकादशीला.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे फराळ होता. ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ. काकांनी ताट घेतलं, नमस्कार केला, पहिला घास खाल्ला. मग ते ताटाकडे टक लावून बघू लागले. काकू पलीकडून म्हणाल्या, "खा मुकाट्याने." पण चष्मा वर गेलेला होता.

"साबुदाणा सेलमचा, पण ज्या कंदाचा होतो तो कसावा ब्राझीलकडचा. बटाटा पेरूचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. रताळंही तिकडचंच. मिरची मेक्सिकोची. पोर्तुगीजांनी गलबतातून आणलं सगळं. वहिनी, या ताटात आपले फक्त वऱ्याचे तांदूळ आणि तूप."

खोलीत जरा शांतता झाली.

"म्हणजे माउलींच्या वेळेला..." कुणीतरी चाचरत म्हणालं.

"माउलींनी समाधी घेतली 1296 ला. वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 ला. माउलींनी साबुदाण्याची खिचडी पाहिलेली नाही."

हे वाक्य काकांना महाग पडलं. वहिनींचा चेहरा उतरला. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ, जे दर पंधरा ऑगस्टला भाषण करतात, ते ताडकन म्हणाले, "म्हणजे आमचं असं काहीच नाही, असंच ना?"

"असं कसं? दाण्याचं कूट घालून अशी मोकळी खिचडी करायची अक्कल कुठल्या ब्राझीलवाल्याला आहे? उपास आपला आहे. वाण बाहेरून आलाय."

गृहस्थांचं समाधान झालं नाही. काकांनी मग परतीचं तिकीट काढलं. म्हणाले, मेक्सिकोने आपल्याला मिरची दिली, तशी आपणही एक चीज पाठवली. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे. क्रांतिकारक, गदर चळवळीतले, इंग्रज मागावर म्हणून देश सुटलेला. इराण, युरोप करत ते मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले. मक्याचं मूळ घर मेक्सिको, तर तिथल्या शेतकऱ्यांना मका कसा सुधारावा हे शिकवलं वऱ्हाडच्या शेजारच्या माणसाने. दिएगो रिव्हेरा हा तिथला थोर चित्रकार, फ्रिडा काहलोचा नवरा. त्याने मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याच्या भिंतीवर सर्वांनी मिळून भाकरी खाण्याचं चित्र काढलं, त्यात खानखोजे आहेत.

"बघा!" ते गृहस्थ एकदम खुलले. "आपला माणूस मेक्सिकोच्या भिंतीवर!" त्यांनी खिचडी दुसऱ्यांदा घेतली. वहिनींनाही बरं वाटलं. खानखोजे सगळ्यांच्या लक्षात राहिले. मिरची कुणाच्या राहिली नाही.

मला वाटतं, तेव्हा काकांना लोकांची नस कळली. आपल्याकडून जगात जाणारी गाडी असली की सगळे फलाटावर रुमाल हलवायला हजर. जगातून आपल्याकडे येणारी असली की फाटक पडतं. गाडी तीच, रूळ तेच, डबेही तेच. वेळापत्रकात अप आणि डाऊन दोन्ही छापलेलं असतं, पण लोक आपल्याला हवं तेवढंच पान फाडून खिशात ठेवतात. काका आयुष्यभर बुकिंग खिडकीत बसले. परतीचं तिकीट मागणाऱ्याला त्यांनी कधी 'तिकडून गाडीच नाही' असं सांगितलेलं नाही. ते आता कशाला सांगतील?

म्हणून गणेशोत्सवात त्यांचं व्याख्यान ठेवलं, ती सेक्रेटरींची हौस होती असंच म्हणावं लागेल. विषय 'सातासमुद्रापार मराठी माणूस'. फलकावर काकांचं नाव, मंडपात खुर्च्या भरलेल्या. पहिली वीस मिनिटं काकांनी सभा हातात घेतली. कल्याणच्या आनंदीबाई जोशी. "आपल्यापासून कल्याण किती? मध्ये एक ठाकुर्ली." 1886 मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, परतल्या आणि बाविसाव्या वर्षाच्या आत गेल्या. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीत, ज्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना मुलीसारखं ठेवलं, त्यांच्या दफनभूमीत आहेत. आणि शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे. "कल्याणहून सुटलेली सर्वांत लांब पल्ल्याची गाडी," काका म्हणाले, आणि मंडप टाळ्यांनी दणाणला. खानखोजे झाले. कोल्हापूरची छत्री झाली. टाळ्या, टाळ्या.

मग काकांनी पाण्याचा घोट घेतला. "आता परतीची."

सेक्रेटरी खुर्चीत सरळ झाले.

काकांनी गणपतीच्या गळ्यातल्या हाराकडे बोट केलं. झेंडू. मेक्सिकोचा. दसऱ्याच्या तोरणातलाही तोच. आरतीला वाजते ती पेटी. अलेक्झांडर दबॅंने पॅरिसमध्ये पेटंट घेतलेली, 1842 च्या सुमारास. मांडी घालून हाताने भाता हलवायची सोय केली कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी. ती नसती तर आपलं नाट्यसंगीत कसलं? आणि मनमाडहून दोन तासांवरचं ते शहर, संभाजीनगर. आधी खडकी. ते वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादवरून दख्खनला आला आणि निजामशाही चालवू लागला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षं झुंजवलं. 1624 ला भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने कोण लढलं? शहाजीराजे.

कुणीतरी "आरतीची वेळ झाली" असं म्हणालं. घड्याळात सव्वासात वाजले होते, आरती आठला असते. पण घंटा वाजली, टाळ वाजले आणि पॅरिसच्या पेटीवर सूर धरला गेला. काकांनीही टाळ घेतला. ते भाविक आहेत आणि त्यांना राग येत नाही. त्यांना फक्त गाडी अर्ध्यात रद्द केलेली आवडत नाही.

यंदा कार्यकारिणीने धोका पत्करला नाही. नेत्रतज्ज्ञ डॉक्टर बोलावल्या, विषय 'मोतीबिंदू : समज-गैरसमज'. यात इतिहास नाही, भूगोल नाही, सिनेमा नाही. काका पहिल्या रांगेत होते. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि त्यांचा हात वर गेला. सेक्रेटरींनी माइक मागच्या रांगेत नेला. काकांना माइक लागत नाही. चाळीस वर्षं जाळीच्या खिडकीतून बोललेला आवाज आहे.

"डॉक्टर, प्रश्न नाही, एक दुवा आहे. तंजावरला आपले भोसले राजे होते. सरफोजीराजे, दोनशे वर्षांपूर्वीचे. त्यांच्या धन्वंतरी महालात मोतीबिंदूचे इलाज व्हायचे. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसकट, आजही तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत."

"काय सांगता!" डॉक्टर म्हणाल्या. सभेत आनंदाची लाट आली. भोसले! मोतीबिंदू! तंजावर! सेक्रेटरी गेल्या वर्षावरून शिकले होते. त्यांना आता घंटेची गरज नव्हती. काकांनी श्वास घ्यायच्या आत ते उठून जोरजोरात टाळ्या वाजवू लागले, त्यांच्या मागोमाग पंधरा ऑगस्टवाले उठले, आणि मग सगळा मंडप. कुणी थांबेना. थांबलं की पुढचं वाक्य येणार, हे आता सोसायटीतल्या पोराटोरांनाही ठाऊक झालंय.

पण माणूस टाळ्या किती वेळ वाजवणार? पाचव्या मिनिटाला सेक्रेटरींचे तळवे लाल झाले. काका चष्मा कपाळावर ठेवून हसतमुख उभे होते.

"तर त्या सरफोजीराजांना लहानपणी ज्यांनी शिकवलं," ते म्हणाले, "ते श्वार्ट्झ. जर्मन पाद्री. आले होते डेन्मार्कच्या मिशनमधून. डॉक्टर, तुम्ही मूळच्या कुठल्या?"